घरांतील विजेचा भार व त्याचा हिशेब

महसूल खात्यांत आमची उभी नोकरी कारकुनींत गेली. त्या अवधींत आगीच्या पंचनाम्यांच्या नकला आमच्या हातून किती झाल्या याची मोजदाद आम्हीं ठेविली नाहीं. पण एक गोष्ट पक्की ध्यानांत आहे. गंजी जळो, गोठा जळो कीं राहतें घर जळो, आगीचें कारण लिहावयाच्या जागीं बहुतेक वेळां दोनच शब्द असत: "शॉर्ट सर्किट". तलाठ्यानें ते लिहावे, पंचांनीं खालीं सह्या-आंगठे करावे आणि आम्हीं ते स्वच्छ अक्षरांत उतरवून वर पाठवावे, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. त्या तारेवर त्या वेळीं भार किती होता हें कोणीं विचारलें नाहीं, व आम्हांसही विचारावेंसें वाटलें नाहीं. ती बुद्धि आम्हांस झाली ती आमच्याच गोठ्याचा पंचनामा झाला तेव्हां.

२००९ सालच्या हिंवाळ्यांतील ही गोष्ट. आमचें घर वऱ्हाडांतील एका खेड्यांत असून शेती धाकटा भाऊ पाहतो. घरांत वीज आली ती वडिलांच्या हयातींत, १९७८ सालीं. चार दिवे व एक रेडिओ एवढ्याच बेतानें दीड चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम तारेचें वायरिंग लांकडी पट्टीवरून झालें, आणि तीच तार पुढें वळचणीखालून गोठ्यांत नेऊन तेथें एक दिवा टांगला. पुढील तीस वर्षांत घर वाढलें, पंखे आले, मिक्सर आला, गोठ्यालगतच्या न्हाणींत पाणी तापविण्याची कॉइल आली, आणि शेवटीं गोठ्यांत दोन अश्वशक्तीची कडबाकुट्टी आली. तार मात्र तीच राहिली. कुट्टी सुरू झाली कीं फ्यूज जाई. आम्ही रजेवर घरीं गेलों तेव्हां भाऊ म्हणाला, "दादा, हा फ्यूज दिवसांतून दोनदां जातो, कांहीं तरी करा." आम्हीं केलें तें असें: फ्यूजची बारीक तार काढून तिच्या जागीं वायरीच्या तांब्याचे दोन पेड पिळून बसविले. फ्यूज जावयाचा थांबला. भाऊ खूष झाला, आणि आम्ही रजा संपवून कामावर हजर झालों.

अडीच आठवड्यांनीं एके पहांटे कॉइल व कुट्टी एकदम चालू असतां वळचणीखालील तारेचा जोड तापून लाल झाला व त्याच्या ठिणग्या खालच्या कडब्यावर पडल्या. बैलजोडी सोडवितां आली. दावणीच्या पलीकडच्या टोकाची कालवड सोडवितां आली नाहीं. पंचनाम्यांत कारण "शॉर्ट सर्किट" असेंच लिहिलें गेलें. तें खरें नव्हतें. शॉर्ट सर्किट झालें असलेंच तर तें तारेचें कवच वितळल्यानंतर, मागाहून. मूळ कारण ते दोन पेड होत, आणि ते आमच्या हातचे होते.

त्यानंतर आम्हीं हा विषय जाणत्या वायरमनांपाशीं बसून, कोष्टकें पाहून व कागदावर आंकडे मांडून समजून घेतला. त्यास सातव्या यत्तेपर्यंतचें गणित पुरतें. आमचेंही तेवढेंच आहे. शेतकरी बंधूंनीं वायरिंग स्वतः करावें असें आमचें सांगणें मुळींच नाहीं; तें काम परवानाधारक वायरमनाचें. पण आपल्या घराचा हिशेब आपणांस मांडतां यावा, म्हणजे त्याचें काम बरोबर झालें कीं नाहीं हें समजतें, आणि पुढें नवीन यंत्र घरांत आणतांना कोणास विचारावयास जावें लागत नाहीं.

प्रथम तीन मापें. कालव्याच्या पाण्यास जसा उतार, तसा विजेस दाब. तो व्होल्टमध्यें मोजतात व आपल्याकडे घरांत तो २३० व्होल्ट धरतात. चारींतून वाहणाऱ्या पाण्याप्रमाणें तारेंतून वाहतो तो प्रवाह. तो अँपियरमध्यें मोजतात. आणि त्या दोहोंच्या गुणाकारानें जें काम होतें त्याचें माप वॅट. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर वॅटचा आंकडा छापलेला असतो. त्यास २३० नें भागलें कीं अँपियर निघतात. १,००० वॅटची इस्त्री म्हणजे ४.३५ अँपियर, ३,००० वॅटचा गीझर म्हणजे १३ अँपियर. तारेस वॅटशीं कर्तव्य नाहीं, तिला अँपियर सोसावे लागतात. म्हणून सर्व हिशेब शेवटीं अँपियरांत आणावयाचा.

तार तापते ती प्रवाहाच्या प्रमाणांत नव्हे, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. सारें मर्म यांत आहे. आमच्या त्या तारेवर पहांटे कुट्टीचे ११, कॉइलचे साडेसहा व दिव्यापंख्यांचा एक असे साडेअठरा अँपियर वाहत होते. दीड चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार दहा-अकरा अँपियरांवर नेऊं नये. म्हणजे भार पावणेदोनपट दिसला तरी उष्णता तिपटीहून अधिक होती. शिवाय ती सर्वत्र सारखी नव्हती. जेथें जोड सैल तेथें ती एकवटली. ॲल्युमिनियमवर हवेनें पापुद्रा धरतो, जोड दरवर्षीं थोडाथोडा वाईट होत जातो, आणि चिकटपट्टीखालीं तें कोणास दिसत नाहीं.

आतां याद करावयाची. आम्ही सरकारी संवयीनें तीस रकाने पाडतों: वस्तु, नग, प्रत्येकीं वॅट, एकूण वॅट, अँपियर, आणि शेवटीं शेरा. उदाहरणादाखल चार खोल्यांचें, गोठा जोडून असलेलें घर घेऊं. आंकडे आमच्याच घरचे आहेत, नवीन वायरिंग करतांना मांडलेले. एलईडी दिवे १०, प्रत्येकीं ९ वॅट, मिळून ९०. एलईडी नळ्या २, मिळून ४०. छताचे पंखे ४, प्रत्येकीं ७५, मिळून ३००. (नव्या तऱ्हेचे पंखे याच्या निम्म्याहूनही कमी घेतात; पण जुने घरांत आहेत तोंवर हिशेब जुन्यांचाच धरावा.) लहान पिना, म्हणजे सहा अँपियरच्या, ६. या पिनांवर कोण केव्हां काय लावील याचा नेम नसल्यानें प्रत्येकीं १०० वॅट धरण्याची वहिवाट आहे; त्या ६०० झाल्या. दिवे, पंखे व लहान पिना यांची बेरीज १,०३० वॅट, म्हणजे साडेचार अँपियर. घरभर दिवे लागले तरी एवढेंच. एके काळीं ६० वॅटच्या एका दिव्यास जें लागे त्यांत आज सहा दिवे जळतात.

भार खरा वाढतो तो पुढील वस्तूंनीं. शीतकपाट २०० वॅट, मिक्सर ७५०, विजेची इंडक्शन शेगडी २,०००, न्हाणींतील जलद गीझर ३,०००, इस्त्री १,०००, कूलर २००. राहिल्या मोटरी. त्यांवर वॅट लिहिलेले नसून अश्वशक्ति लिहिलेली असते, आणि येथेंच पुष्कळ लोक फसतात. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट खरे, परंतु ते मोटर जें काम देते त्याचे. ती विजेकडून घेते त्याहून बरेंच अधिक. लहान मोटरी घेतलेल्या विजेपैकीं तीन-चतुर्थांशाच्या आंतबाहेरच कामीं लावतात, व बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून कुट्टीची दोन अश्वशक्तीची मोटर २,००० वॅट व टाकींत पाणी चढविणारी अर्ध्या अश्वशक्तीची ७०० वॅट धरावी. शिवाय मोटरीचा प्रवाह दाबाच्या थोडा मागें पडत असल्यानें तिचे अँपियर नुसत्या भागाकारानें येतात त्यांहून चौथाईनें अधिक असतात. कुट्टीचे ८.७ नव्हे तर ११ होतात, पाण्याच्या मोटरीचे ३.८.

एकंदर बेरीज १०,८८० वॅट. यास जोडलेला भार म्हणतात. तो पाहून छाती दडपावयाचें कारण नाहीं, कारण सर्व वस्तु एकाच वेळीं कधींच चालत नाहींत. दिव्यापंख्यांच्या भारापैकीं दोन-तृतीयांश एका वेळीं चालतो असें धरण्याची रीत आहे. मोठ्या यंत्रांबद्दल मात्र शहरी घरांसाठीं केलेलीं कोष्टकें आम्हीं बाजूस ठेवावीं असें आमचें मत आहे. शहरांत सकाळची घाई नऊ वाजतां असते व संध्याकाळची वेगळी. शेतकऱ्याच्या घरीं पांच ते सात या दोन तासांत सारें घर एकदम जागें असतें. म्हणून एक दिवस पहांटे हातांत कागद घेऊन ओट्यावर बसावें व काय काय एकदम चालतें तें टिपावें. आम्हीं टिपलें तें हें: गीझर ३,०००, इंडक्शनवर चहा २,०००, गोठ्यांत कुट्टी २,०००, टाकींत पाणी चढविणारी मोटर ७००, दिवेपंखे ६९० व शीतकपाट २००. मिळून ८,५९० वॅट, आणि मोटरींचा वाढावा धरून ४० अँपियर. आमच्या वीजबिलावर मंजूर भार या नांवाखालीं त्या वेळीं जो आंकडा छापलेला होता तो एक किलोवॅट होता!

या यादीकडे पाहतांना आमच्या भावजयीनें एक गोष्ट सुचविली, जी आम्हांस सुचली नव्हती. कुट्टी पहांटेच कां? संध्याकाळची वैरण सकाळीं दहा वाजतां कापून ठेवली तर दुसऱ्या दिवशीं पहांटे यंत्र लावावयाचें कारण नाहीं. टाकीही त्याच वेळीं भरतां येते. या दोन मोटरी पहांटेच्या वेळेंतून काढल्या कीं राहतात ५,८९० वॅट, म्हणजे २६ अँपियरांच्या आंत. एक पैसा खर्च न करतां चौदा अँपियर उतरले. तथापि तारा घालतांना घरच्या वेळापत्रकावर विसंबूं नये. पाहुणे येतात, लग्नकार्य निघतें, पाऊस लागतो. त्या दिवशीं वेळापत्रक कोण पाहतो? तें मोडलें तर वीज आपोआप बंद पडावी, तार जळूं नये, अशी योजना हवी.

ती योजना म्हणजे फांटे पाडणें. वायरमन ज्यास सर्किट म्हणतात त्यास आम्ही फांटा म्हणतों, कारण कालव्याच्या फांट्याशीं त्याचें साम्य चांगलें जुळतें. मीटरपाशींच्या पेटींतून निरनिराळे फांटे निघावे, प्रत्येकाची फेज व न्यूट्रल स्वतंत्र असावी व प्रत्येकाच्या मुखाशीं त्याचा पहारेकरी असावा. आपल्या देशांत रूढ नियम असा कीं, दिव्यापंख्यांच्या एका फांट्यावर दहाहून अधिक ठिकाणें नसावीं व भार ८०० वॅटवर जाऊं नये. सोळा अँपियरच्या मोठ्या पिनांच्या फांट्यावर दोनहून अधिक पिना नसाव्या व भार ३,००० वॅटवर जाऊं नये. आमचे दिवे, पंखे व लहान पिना मिळून बावीस ठिकाणें झालीं. नुसता भार पाहिला तर दोन फांटे पुरते, पण दहाच्या नियमानें तीन लागले. प्रथम आम्हांस हा वायरमनाचा वाढीव खर्च वाटला. पण एक फांटा पडला तरी शेजारच्या खोलींत उजेड राहतो, आणि साप-विंचवाच्या दिवसांत त्याची किंमत खेड्यांतील माणसास सांगावयास नको.

मोठ्या वस्तूंचे पांच फांटे केले. गीझर एकटा. स्वयंपाकघरांत शेगडी, मिक्सर व शीतकपाट मिळून २,९५० वॅट, नियमाच्या कांठावर. शीतकपाटास लहान पिन पुरत असल्यानें मोठ्या पिना दोनच. इस्त्री व कूलर यांचा तिसरा. पाण्याची मोटर चौथा. कुट्टी पांचवा.

तारेच्या जाडीविषयीं आतां सांगूं. भिंतींतील नळींतून नेलेली तांब्याची दीड चौरस मिलिमीटर तार सुमारें १४ अँपियर सोसते, अडीचची १९, चारची २६. हे आंकडे भोंवतालची हवा तीस अंश धरून केलेले आहेत. तारेवरील पीव्हीसीच्या कवचास सत्तर अंशांवर तापूं देऊं नये. हवा तीस अंश असेल तर तारेस तापावयास चाळीस अंशांची सवड राहते. आमच्या वऱ्हाडांत वैशाखांत हवाच पंचेचाळीसवर असते, तेव्हां सवड पंचवीसच. अशा वेळीं तीच दीडची तार ११, अडीचची १५ व चारची २० अँपियरच सोसते. वैशाखांत गीझर लावणारा कोणी विरळाच, हें खरें. पण शेगडी, कूलर व शीतकपाट यांस ऋतु नाहीं, किंबहुना शेवटच्या दोघांचा तोच हंगाम. म्हणून दिव्यांस दीडची, इस्त्री-कूलर व पाण्याची मोटर यांस अडीचची, आणि गीझर, स्वयंपाकघर व कुट्टी यांस चारची, असें आम्हीं ठरविलें. दुकानदार "दीड एमएम", "अडीच एमएम" असें म्हणतो. तें तारेचें आडवें क्षेत्रफळ आहे, जाडी नव्हे. आयएसआयची खूण पाहून व छापील पावती घेऊनच तार घ्यावी. तारेंत वांचविलेला पैसा आम्हांस किती महाग पडला तें वर आलेंच आहे.

गोठ्याच्या तारेस जाडीचें आणखी एक कारण होतें, तें म्हणजे अंतर. मीटरपासून कुट्टी ४० मीटर. वीज जाते व परत येते, तेव्हां तारेची लांबी ८० मीटर धरावी. दीडच्या तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरास सुमारें १२ ओहम, म्हणजे ८० मीटरांस एक ओहमच्या किंचित् आंत. त्यांतून ११ अँपियर गेले कीं साडेदहा व्होल्ट वाटेंतच जिरतात. चालत्या यंत्रास तें सोसतें. पण मोटर सुरू होतांना क्षणभर पांच-सहा पट प्रवाह ओढते. साठ अँपियरांस सत्तावन्न व्होल्ट वाटेंत गेले तर यंत्रापाशीं पावणेदोनशेंहूनही कमी उरतात. मग मोटर उचलत नाहीं, नुसती गुरगुरते, आणि गुरगुरतांना तो साठाचा प्रवाह ओढीतच राहते. चारच्या तारेंत हीच तूट बावीस व्होल्टवर येते व यंत्र लगेच फिरतें. गांवांतील डीपीवर भार अधिक झाल्यानें दाब मुळांतच १९० वर असेल तर काय होत असेल, तें वाचकांनीं ताडावें. दाब उतरला कीं कॉइल कमी वीज घेते, पण मोटर तेंच काम उरकण्यासाठीं जास्त अँपियर ओढते. पाऊस कमी झाला म्हणजे बैल जोरानें ओढूं लागावा, तसा हा उलटा न्याय आहे.

आतां पहारेकऱ्याविषयीं. फ्यूज असो वा हल्लींची एमसीबी असो, ती यंत्राच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असते, हें आम्हांस त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतें. तिचा आंकडा यंत्रास किती लागतें यावरून ठरवावयाचा नाहीं. यंत्रास लागणाऱ्या प्रवाहाहून तो थोडा अधिक असावा, परंतु तार सोसते त्याहून कधींही अधिक नसावा. दीडच्या तारेस ६ किंवा १० ची एमसीबी, अडीचच्यास १०, आणि चारच्यास १६ किंवा २०. एमसीबी वारंवार पडूं लागली तर ती मोठी बसवूं नये; भार कमी करावा किंवा मोठी तार घालून मगच मोठी बसवावी. बाजारांत मिळणाऱ्या एमसीबींवर आंकड्यापूर्वीं बी किंवा सी असें अक्षर असतें. बी अक्षराची एमसीबी आंकड्याच्या तिप्पट ते पांचपट प्रवाहास तत्काळ पडते, सी अक्षराची पांचपट ते दसपट प्रवाहास. कुट्टीच्या सुरुवातीच्या साठ अँपियरांना सोळाची बी टिकेलच असें नाहीं, सी चालते. हें अक्षर न पाहतां आणलेली एमसीबी पडूं लागली म्हणजे लोक तिला नांवें ठेवतात व जुन्या फ्यूजकडे वळतात. ज्यांचे घरीं अद्याप चिनी मातीचे फ्यूज आहेत त्यांनीं बाजारांत आंकड्यानिशीं मिळणारी फ्यूजची तारच घालावी, पेड घालूं नये. कोणत्या जाडीचा पेड किती अँपियरला वितळतो हें डोळ्यांना समजत नाहीं.

सर्व फांट्यांच्या मुखाशीं मीटरनंतर आम्हीं मुख्य एमसीबी ३२ अँपियरची बसविली व तेथवरची तार दहा चौरस मिलिमीटरची. वेळापत्रक पाळलें तर २६ अँपियर सुखानें जातात. मोडलें व भार चाळिसांवर गेला तर कांहीं वेळानें सारें घर अंधारांत जातें, व वेळापत्रक कोणीं मोडलें याची चौकशी होते.

परंतु एमसीबी माणसास वांचवीत नाहीं, तें काम निराळ्या उपकरणाचें. सहा अँपियरचीसुद्धां एमसीबी पडण्याच्या फार पूर्वीं माणूस दगावतो. त्यासाठीं गळती ओळखणारी ईएलसीबी, हल्लीं जिला आरसीसीबी म्हणतात ती, ३० मिलिअँपियरची असावी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरा परत आला नाहीं, म्हणजे कोठें तरी अंगांतून अथवा भिंतींतून जमिनींत गेला, कीं ती तोडते. तिजवर एक बटण असतें तें दर महिन्यास दाबून पाहावें. आमचे घरीं अमावास्येस दाबतात, म्हणजे विसर पडत नाहीं. अर्थिंगची हिरवी तार प्रत्येक पिनेपर्यंत व प्रत्येक मोटरीच्या अंगापर्यंत गेलीच पाहिजे, आणि खड्ड्यांतील जमीन ओली राहिली पाहिजे. गोठ्यांत हें दुप्पट महत्त्वाचें, कारण जमीन मुतानें ओली, यंत्र लोखंडी, आणि गुरांस विजेचा झटका माणसाहून कमी दाबासही बाधतो. गाय दावणीपाशीं पाणी प्यावयास बिचकूं लागली तर दृष्ट काढण्यापूर्वीं अर्थिंग तपासून घ्यावें.

राहिलें मंजूर भाराचें. नवा हिशेब घेऊन आम्ही वीज कंपनीच्या कचेरींत गेलों व भार वाढवून मागितला. त्यास परवानाधारक वायरमनाचा तपासणी अहवाल जोडावा लागतो व फरकाचे पैसे भरावे लागतात. पुष्कळांस वाटतें कीं भार कमी दाखविला म्हणजे फायदा. पण गांवांतील डीपी मंजूर भारांची बेरीज पाहून बसवितात. सर्वांनीं एकेक किलोवॅट दाखवून पांच-पांच ओढले तर डीपी जळते ती सर्वांचीच, आणि पाणी भरण्याच्या दिवसांत आठ-आठ दिवस वाट पाहावी लागते तीही सर्वांनाच. कारकुनींत असतां पीक कमी दाखविणारे व अधिक दाखविणारे असे दोन्ही प्रकारचे अर्ज आम्हीं पाहिले आहेत. खोट्या आंकड्याचा उपद्रव अर्जदाराच्याच शेजाऱ्यास आधीं होतो. असो.

आमच्या पेटीच्या झांकणाच्या आंतील बाजूस आतां ती याद चिकटविलेली आहे: आठ फांटे, प्रत्येकाची तार, एमसीबीचा आंकडा, त्यावरील वस्तु व त्यांचे वॅट. गेल्या महिन्यांत भावानें एक अश्वशक्तीची घरगुती पिठाची गिरणी आणण्याचें काढलें. दुकानांतूनच त्यानें फोन केला. स्वयंपाकघराच्या पिनेवर लावावी असा घरांतील बायकांचा आग्रह होता. आम्हीं त्यास याद पाहण्यास सांगितलें, पण ती त्यास पाठच होती. गिरणीचे १,०५० वॅट. स्वयंपाकघरांत आधींच २,९५०, तेथें जागा नाहीं. इस्त्री-कूलरच्या फांट्यावर १,२०० आहेत; गिरणी धरून २,२५० होतात व मोटरीचा वाढावा धरून अकरा अँपियर. तार अडीचची आहे, ती वैशाखांतही पंधरा सोसते. पण एमसीबी दहाची. ती बदलून सोळाची बसविली तर ती तारेच्या वर जाते, म्हणून इस्त्री चालू असतां गिरणी लावावयाची नाहीं असें ठरलें, व याद काढून शेऱ्याच्या रकान्यांत भावानें आपल्या हातानें तसें लिहिलें. गिरणी मधल्या खोलींत बसली आहे.